पाठमोरी

गाणं थांबलं तेव्हा माझ्या मांडीवर अर्धवट निवडलेली गवार होती आणि केतकीची गाडी बरोबर शेवटच्या गोलाच्या तोंडाशी होती. तिनं चाकाला एक हात मारला, पुढचं चाक फक्कीच्या रेघेच्या आत गेलं. वृषाली गोलाच्या पलीकडच्या बाजूला होती. ती जागच्या जागी उभी राहिली. पळून बघायचे कष्टही तिनं घेतले नाहीत.

"केतकी विजयी," टेपरेकॉर्डरच्या मागून गाडेकर काकांनी हात वर केला. "आजही केतकीच. वाजवा टाळ्या."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. प्रमुख पाहुण्यांचं भाषण संपल्यावर वाजवतात, तशा.

आमची वसाहत धरणावरची. पाटबंधारे खात्याची पिवळी क्वार्टर्स, मधे मुरमाचं मैदान, मैदानाच्या टोकाला गणपतीचा मांडव. भाद्रपदात धरण भरलेलं असायचं आणि आमच्या ह्यांची ड्यूटी दारांवर लागलेली असायची. पाणी किती सोडायचं, कधी सोडायचं, ह्यापलीकडं त्या दिवसांत त्यांना काही सुचत नसे. त्यामुळं घर, म्हातारे सासरे आणि केतकी हे सगळं माझ्या अंगावर. केतकी तेव्हा अकरा वर्षांची होती. जन्मापासूनच तिच्या कमरेखाली जोर नव्हता. हात मात्र पैलवानाचे. तिच्या चाकाच्या खुर्चीला सगळी वसाहत 'गाडी' म्हणायची, तीही म्हणायची.

संगीत खुर्चीतून खुर्च्या काढून टाकायची कल्पना पोरांचीच. खेळ सुरू झाला की केतकीचं काय करायचं हा प्रश्न दरवर्षी यायचा, कारण ती आधीच खुर्चीत. मग समोरच्या क्वार्टरमधल्या वृषालीनं तोड काढली. ती मानेबाईंची मुलगी, केतकीच्याच वयाची, तोंडानं तिखट. खुर्च्यांऐवजी फक्कीनं गोल आखायचे. गाणं थांबलं की बाकीच्यांचे दोन्ही पाय आत हवेत आणि गाडीचं पुढचं चाक आत हवं. एका गोलात एकच. मोठ्या माणसांना हे इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. गाडेकर काकांना मात्र ते इतकं आवडलं, की गणपतीच्या आधीपासून रोज संध्याकाळी ते आपला टेपरेकॉर्डर घेऊन सरावाला यायला लागले.

त्या संध्याकाळी मी गाडी ढकलत घरी निघाले. मुरमावर ढकलायला ताकद लागते. दिवसभराच्या उचलाउचलीनं कंबर धरलेली होती, आणि घरी गेल्यावर पुन्हा तिला उचलायचं होतंच.

"आई, काका बघून थांबवतात," केतकी म्हणाली.

"काय?"

"गाणं. मी गोलापाशी आले की थांबवतात."

मला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. संगीत खुर्चीत टेप लावणाऱ्यानं खेळाकडं पाठ करून बसायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गाडेकर काका खेळाकडं तोंड करून बसायचे, पुढं झुकून, बोट बटणावर ठेवून, आणि केतकीची गाडी मोकळ्या गोलापाशी येईपर्यंत त्यांच्या कपाळावर आठ्या असायच्या.

"जिंकतेस ना? मग झालं तर," मी म्हटलं. दमलेल्या माणसाचं उत्तर होतं ते.

"मी नाही जिंकत. काका जिंकवतात. सगळ्यांना माहितीये. वृषाली तर आता पळतच नाही. म्हणते, कशाला पळू, तूच येणारेस पहिली."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? खरंच आहे ना ते." थोडं पुढं गेल्यावर तिनं दोन्ही चाकं हातांनी धरली. गाडी थांबली. "रविवारी स्पर्धेत असंच होणार असेल तर मी खेळणार नाही. आणि परत मैदानावर पण येणार नाही."

"असं कसं? मैत्रिणी काय म्हणतील?"

"काही नाही म्हणणार. त्या मला कधी काही म्हणतच नाहीत."

माझी लेक हट्टी होती, पण पोकळ धमक्या देणारी नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिनं 'शाळेतल्या झेंडावंदनाला येणार नाही' म्हटलं होतं, कारण तिला दरवेळी पाहुण्यांच्या शेजारी बसवायचे. त्यानंतर ती एकदाही गेली नाही. बाई घरी येऊन समजावून गेल्या, हेडमास्तर येऊन गेले. ही तोंड भिंतीकडं करून पडून राहिली.

संध्याकाळचा तो मैदानावरचा तास आमच्या घराला किती मोलाचा होता, ते मला शब्दांत सांगता यायचं नाही. तिच्या दिवसात बाकी काय होतं? शाळा, व्यायाम, खिडकी आणि मी. आणि माझ्या दिवसात ती. त्या एका तासात ती धुळीनं माखायची, ओरडायची, आणि मी पायरीवर बसून गवार निवडायची. गवार निवडण्यात एवढं सुख असतं, हे ज्या बाईला दिवसभर बसायला मिळत नाही तिलाच कळेल. तो तास गेला असता तर आम्ही दोघी एकमेकींकडं बघत म्हाताऱ्या झालो असतो.

आरतीनंतर मी मांडवात गेले. गाडेकर काका खात्यातले भांडारपाल, मंडळाचे कायमचे सेक्रेटरी. वायरी गुंडाळत बसले होते. मोठा मायाळू माणूस. आमच्या दाराशी उतार बांधून घ्यायला साहेबांच्या मागं लागले ते हेच. केतकीला मिरजेला दवाखान्यात न्यायचं असलं की जीप मागायला मला कधी जावं लागलं नाही, जीपच दाराशी यायची. आणि गेल्या वर्षी गणपतीत त्यांनी केतकीचा सत्कार ठेवला होता. शाल, नारळ आणि फेटासुद्धा. कशाबद्दल, तर 'जिद्दीबद्दल'. ती त्या वर्षी चौथी पास झाली होती. वसाहतीतली आणखी नऊ पोरं पास झाली होती, त्यांना कुणी नारळ दिला नाही. फोटोत फेट्याखाली केतकीचं तोंड असं आहे, जसं काही तिला कुणी एरंडेल पाजलंय.

"काका, एक बोलायचं होतं."

"बोला की वहिनी. जीप हवीय का?"

"नाही. रविवारच्या खेळाचं. तुम्ही टेप लावताना पाठ करून बसाल का?"

त्यांचा वायर गुंडाळणारा हात थांबला. "पोरं काही बोलली का?"

"केतकी बोलली."

"केतकी?" त्यांना ते खरं वाटेना. "अहो, तिच्याचसाठी तर. आता तुमच्यापासून काय लपवायचं. मी थोडं इकडंतिकडं करतो. कुणाचं त्यात काय जातं? बाकीची पोरं काय, उद्या झाडावर चढतील, परवा सायकली पळवतील. तिला तेवढाच आनंद."

"तिला त्यात आनंद वाटत नाही काका."

"लहान आहे ती. तिला काय कळतंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि रविवारी पहिल्याच फेरीत बाद झाली तर? साहेब येणार, त्यांच्या मिसेस बक्षिसं देणार, सगळी वसाहत समोर. भर मैदानात पोर रडली तर बघवणार आहे का तुम्हाला?"

"रडू दे."

ते माझ्याकडं बघत राहिले. "आई आहात ना तुम्ही?" एवढंच म्हणाले, आणि तेही रागानं नाही. रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते. ज्यांच्याकडं पुढच्या महिन्यात पुन्हा जीप लागणार, ज्यांनी दाराशी उतार बांधून दिला, त्यांना 'तुमची माया नको' म्हणायचं, तर त्यासाठी फार ताकद लागते. माझ्याकडं त्या वेळी उभं राहण्यापुरती होती. मी मांडवाचा बांबू धरून उभी राहिले.

"मी नाही तिला रडलेली बघणार," काका म्हणाले. "मला जमायचं नाही ते. पाठ करून बसलो तरी मान वळेल माझी. तुम्हीच बसा टेपवर."

"मी?"

"मग दुसरं कोण? दुसरं कुणीही बसवलं तरी ते हेच करणार. ह्या वसाहतीत तिला हरवायला कुणाचा हात होणार नाही वहिनी. तुमचा होतोय का बघा."

मी 'बरं' म्हटलं. नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

रविवारी सकाळी केतकीला अंघोळ घालून, फ्रॉक घालून, सासऱ्यांना चहा देऊन आम्ही मैदानावर पोचलो तोवर माझी अर्धी शक्ती संपली होती. हे दारांवर होते. पाणी वाढलं होतं, येणं शक्यच नव्हतं. मांडवासमोर टेबल मांडलं होतं, टेबलावर टेपरेकॉर्डर, त्याला जोडलेला कर्णा, बाजूला बक्षिसाचे स्टीलचे डबे. पहिल्या दोन नंबरांना डबे होते. साहेबांच्या मिसेस येऊन बसल्या होत्या. मी खुर्ची उलटी फिरवली आणि मांडवाकडं तोंड करून, मैदानाकडं पाठ करून बसले. समोर गणपती, पाठीमागं पोरं.

"आई टेप लावणारे?" केतकीनं विचारलेलं मला ऐकू आलं.

"हो," काका म्हणाले. "आणि पाठमोरी."

दुसरीकडून वृषालीचा आवाज आला, "खरंच पाठमोरी? शपथ?"

मी बटण दाबलं. गाणं सुरू झालं, पोरं गोल फिरायला लागली. आणि दुसऱ्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की पाठ करून काही उपयोग नाही.

केतकीच्या गाडीचं डावं चाक कुरकुरायचं. रोज ऐकून ऐकून तो आवाज माझ्या कानात इतका बसला होता, की घरात ती कुठल्या खोलीत आहे ते मला स्वयंपाकघरातून कळायचं. आताही कळत होतं. आता ती मांडवाच्या बाजूला आली. आता वळण घेतेय, आता चाक जरा अडखळलं, म्हणजे तिकडच्या खड्ड्यापाशी आहे, तिथं गोल नाही. आता पुन्हा सरळ लागली, म्हणजे समोर गोल. माझं बोट आपोआप बटणावर घट्ट झालं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला गाडेकर काकांइतकं जवळचं जगात कुणी वाटलं नाही. ते रोज ज्या ओढीनं पुढं झुकायचे ती माझ्या बोटात आली होती, आणि ती त्यांच्यापेक्षा माझी जास्त होती.

मी दुसऱ्या हातानं आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. कर्णा किंचाळायला लागला. मांडवाचं कापड थरथरलं, साहेबांच्या मिसेसनी कानावर हात ठेवले.

"वहिनी, अहो केवढा आवाज," काका धावत आले.

"असू दे," मी म्हटलं.

"पण कान फाटतील लोकांचे."

"असू दे काका."

आता काही ऐकू येत नव्हतं. चाकही नाही, पायही नाहीत. मी मनाला येईल तेव्हा बटण दाबलं. मागं आरडाओरडा झाला, कुणीतरी बाद झालं, कोण ते मी विचारलं नाही. पुन्हा गाणं लावलं. पुन्हा थांबवलं. दरवेळी कानात गच्च बसलेला तो आवाज बंद झाला की एक क्षण सगळं सुन्न व्हायचं, आणि त्या क्षणात मला वाटायचं, झालं, गेली ती. मग काका माईकवरून नाव सांगायचे आणि ते दुसऱ्याच कुणाचं तरी असायचं. माझी पाठ घामानं भिजली होती. स्वयंपाक, धुणं, उचलणं ह्या कशानं मी कधी तशी दमले नव्हते, जशी त्या खुर्चीत नुसती बसून दमले.

शेवटी तिघं उरली. केतकी, वृषाली आणि ऑपरेटरांचा मकरंद. गोल दोन. मी गाणं थांबवलं आणि मागं एकदम गलका झाला. नेहमीचा गलका नव्हता तो. भांडणाचा होता.

"केतकी आत," काकांचा आवाज आला. "वृषाली बाद. चला."

"नाही," वृषाली म्हणाली. "माझे पाय आधी होते."

मी वळले. आता वळायला हरकत नव्हती. एका गोलात मकरंद ऐटीत उभा होता. दुसऱ्यात वृषालीचे दोन्ही पाय होते आणि केतकीच्या गाडीचं पुढचं चाक तिच्या उजव्या पायाच्या बोटांवर होतं.

"हे बघा," वृषालीनं पाय सोडवून वर केला. पायावर चाकाची फक्की उमटली होती. "माझ्या पायावरनं आली ती. मी आधी नसते तर पायावरनं कशी आली असती?"

"खोटं," केतकी म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "चाक आधी होतं. तिनं नंतर खाली पाय घातला."

"चाकाखाली कुणी पाय घालतं का?"

"तू घालतेस."

"वृषे," मानेबाई बायकांच्यातून उठून पुढं आल्या. "सोड की गं. दे तिला. तुला काय कमी पडलंय?"

"पण आई, मी होते आधी."

"दे म्हणते ना. त्या पोरीचं बघ जरा."

वृषालीनं केतकीकडं पाहिलं. ती आता सोडणार, असं मला वाटलं. ह्या वाक्यावर ती दरवेळी सोडायची, सगळ्याच सोडायच्या. पण त्या दिवशी तिनं गोलात पाय अजून रोवले. "का देऊ?" ती म्हणाली. "आज खरं खरं खेळायचं ठरलंय. काकू पाठमोऱ्या बसल्यात."

काकांना कुठं बघावं कळेना. "वहिनी, तुम्हीच सांगा आता."

"मला दिसलं नाही," मी म्हटलं. "मी पाठमोरी होते. फेरी परत घ्या."

परत घेतली. मी आवाज पुन्हा शेवटपर्यंत नेला आणि टेपरेकॉर्डरवरच्या खिडकीत फिरणाऱ्या चक्रीकडं बघत बसले. मनात एकच होतं, की हे लवकर संपावं आणि मला कुठंतरी आडवं पडता यावं. बटण दाबलं. मागं पावलं धडधडली. आणि मग मकरंदचा आवाज आला, अगदी बेंबीच्या देठापासून.

"केतकी बाद."

तो आनंदानं ओरडला होता. दुसरं कुणी बाद झाल्यावर पोरं ओरडतात ना, तसंच. वसाहतीत केतकीच्या बाद होण्यावर कुणाला आनंद झाला, असं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मी वळले. केतकी दोन गोलांच्या मधे, अर्धवट वळलेली, दोन्ही हात चाकांवर. तिचे ओठ घट्ट मिटले होते. टाळ्या वाजवाव्यात की नको हे लोकांना कळत नव्हतं. गाडेकर काकांनी टेबलावरून एक डबा उचलला, माईक तोंडाशी नेला आणि "मंडळातर्फे उत्तेजनार्थ" इथपर्यंत आले. मी त्यांच्याकडं पाहिलं. मान हलवली नाही, हात केला नाही, तेवढंही त्राण नव्हतं. नुसतं पाहिलं. त्यांनी डबा खाली ठेवला. माईक रुमालानं पुसला.

"केतकी गुजर," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा चिरकला. "बाद. मैदानाबाहेर यावं."

ती स्वतः चाकं मारत बाहेर आली.

शेवटची फेरी वृषाली जिंकली. डबा घेऊन ती बायकांच्या बाजूला आली, तेव्हा केतकी तिथंच होती.

"चिटिंग करून जिंकलीस," केतकी म्हणाली.

"मी? तूच माझ्या पायावर गाडी घातलीस."

"त्याच्या आधी तू मला ढकललंस."

"मी हातसुद्धा नाही लावला. हरली म्हणून रडतेय रडकी."

"तूच रडकी."

"जा," वृषाली म्हणाली. अंगठ्याचं नख वरच्या दाताला लावून तिनं खटकन ओढलं. "कट्टी. जन्माची कट्टी. मेले तरी बोलणार नाही."

मानेबाईंचा हात वर गेला. तो पोरीच्या पाठीत बसायच्या आत मी मनगट धरलं.

"राहू द्या बाई."

"अहो राहू द्या काय? केतकीशी कट्टी घेते म्हणजे काय? कळायला नको का घोडीला?"

"राहू द्या. मी पाया पडते तुमच्या."

त्यांना वाटलं उन्हानं माझं डोकं फिरलं. त्यांनी मला धरून सावलीत बसवलं आणि पाणी दिलं.

आम्ही घरी आलो. मी तिला उचलून पलंगावर ठेवलं आणि मग तिला रडू फुटलं. पोर सुईला रडलेली मी पाहिली होती, ऑपरेशनला रडलेली पाहिली होती. ते रडणं मला पाठ होतं, त्याच्यावर काय करायचं ते ठाऊक होतं. हे निराळं होतं. हुंदके देत, नाक ओढत, शिव्या देत.

"वृषालीनं माझ्याशी कट्टी घेतली," ती म्हणाली.

"मग तूपण घे."

"घेतलीच आहे." आणि आणखी जोरात रडली.

मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अकरा वर्षांत माझ्या मुलीशी कुणी कट्टी घेतली नव्हती. वसाहतीतल्या सगळ्या पोरींच्या आपसात कट्ट्या व्हायच्या, दोस्त्या व्हायच्या, पुन्हा कट्ट्या व्हायच्या, आणि माझी पोर मधे गाडीत बसून सगळ्यांशी एकसारखी बोलत असायची, कारण तिच्याशी भांडायचं नाही हे सगळ्यांना घरून सांगितलेलं असायचं. जिच्यावर कुणी रुसत नाही तिला कुणी मैत्रीण असते का? हे मी आतापर्यंत कुणाला बोलले नव्हते. ह्यांनाही नाही.

संध्याकाळी गाडेकर काका आले. आत आले नाहीत, दाराशीच उभे राहिले. मला वाटलं, बोल लावायला आलेत.

"पोर कशी आहे?"

"रडून झोपली."

"म्हटलं होतं मी." मग उंबऱ्याकडं बघत म्हणाले, "वहिनी, तो आवाज कशासाठी वाढवला होता तुम्ही? साहेबांच्या मिसेसचं डोकं अजून दुखतंय म्हणे."

"चाक ऐकू येत होतं," मी म्हटलं. "डावं चाक कुरकुरतं तिचं. कुठं आहे ते मला कळत होतं."

ते वळले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडारातली तेलाची बुधली घेऊन आले, व्हरांड्यात उकिडवे बसले आणि गाडीचं डावं चाक काढून, पुसून, तेल घालून पुन्हा बसवलं. चाक फिरवून कान लावून ऐकलं.

"पुढच्या वर्षी आवाज बेताचा ठेवा," जाताना म्हणाले.

केतकी त्या संध्याकाळी मैदानावर गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी विचारलं की ती खिडकीकडं तोंड करायची. आता मात्र माझा धीर सुटायला लागला. ओट्याशी उभी राहून हसले खरी, पण ही झेंडावंदनासारखी कायमचीच बसून राहिली तर? मी तिच्या हरण्यासाठी सगळ्या वसाहतीशी वैर घेतलं आणि हाती काय लागलं, तर बंद दार. माझ्या अंगात आता पुन्हा कुणाशी बोलायची, कुणाला समजवायची ताकद नव्हती. गवार तशीच टोपलीत सुकत होती.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी पोळ्या लाटत होते. दार वाजलं. वृषाली उभी होती. फ्रॉकला हात पुसत, माझ्याकडं न बघता.

"काकू, केतकीला सांगा, मी तिच्याशी बोलत नाहीये."

"बरं," मी म्हटलं, आणि आत जाऊन सांगितलं.

केतकी पलंगावर ताठ बसली. "तिला सांग, मीपण बोलत नाहीये."

मी बाहेर येऊन सांगितलं.

"तिला सांगा, माझा पाय अजून दुखतोय."

मी आत गेले. केतकी म्हणाली, "तिला सांग, मुद्दाम नव्हतं केलं. पण तिनंच आधी ढकललं."

बाहेर. "मी नव्हतं ढकललं. पण लागला असेल धक्का."

आत, बाहेर, पुन्हा आत. दोघींना एकमेकींचं प्रत्येक अक्षर ऐकू जात होतं. मधे एक पडदा होता, तोही वाऱ्यानं उडत होता. तरी मी सांगितल्याशिवाय कुणी पुढचं बोलत नव्हतं. तव्यावरची पोळी करपली. माझे गुडघे भरून आले. सासऱ्यांनी खोलीतून विचारलं, काय चाललंय, कोण आलंय.

"काकू, तिला विचारा, आज संध्याकाळी मैदानावर येणारे का," वृषाली म्हणाली. "नाही आली तरी मला काही फरक पडत नाही म्हणावं."

मी आत जाऊन विचारलं. केतकीनं उशी बाजूला सारली आणि गाडी जवळ ओढली.

"तिला सांग, येणारे," ती म्हणाली. "पण तिच्यासाठी नाही."

मी पदराला पीठ पुसलं आणि निरोप घेऊन दाराकडं निघाले.